क्लचमध्ये हवा शिरली कुठून?

हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीचं पेडल एक दिवस मऊ लागतं, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज होतो, आणि गाडी गॅरेजमध्ये नेली की दोनपैकी एक निकाल कानावर पडतो. एक तर ‘हवा धरलीय, ब्लीडिंग करून देतो’, नाही तर ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’. मालकाला फरक दिसतो तो एवढाच की पहिला निकाल स्वस्त आहे आणि दुसरा महाग. सगळीकडून सीलबंद असलेल्या नळीतल्या तेलात हवा शिरली कुठून, हा प्रश्न दोन्ही निकालांत विचारलेलाच नसतो. माझ्या मते क्लचच्या दुरुस्तीतला हाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर न शोधता केलेलं ब्लीडिंग म्हणजे दुखणं तसंच ठेवून दिलेली मुदतवाढ, आणि त्याचं उत्तर न शोधता उतरवलेला गिअरबॉक्स म्हणजे बऱ्याचदा चुकीच्या जागी केलेला खर्च. हे उत्तर शोधण्याचं काम बहुतेक गाड्यांवर घरी करता येतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. उजेड, पट्टी, पारदर्शक नळी, एक रिंग पाना आणि पेडल दाबायला दुसरा माणूस असला की पुरतं.

पुण्यात हा विषय जिव्हाळ्याचा असायला कारण आहे. टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा होता. शहरात 10 किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. सिंहगड रस्त्यावर किंवा विद्यापीठ चौकात पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला असं करत सरकणाऱ्या गाडीचं क्लच पेडल मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीच्या कितीतरी पट जास्त वेळा दाबलं जातं, आणि प्रत्येक वेळी क्लचच्या दोन सिलिंडरांतली रबरी सीलं धातूवर घासतात. मारुती 800 च्या पिढीला हे दुखणं माहीत नव्हतं. तिथे क्लचला केबल होती. ती ताणली की नट फिरवायचा, तुटली की नवी घालायची. मोठ्या गाड्यांत मात्र हायड्रॉलिक क्लच आधीपासून होता. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून जिला सुमो म्हटलं गेलं, ती 1994 साली आलेली पुण्याची गाडी याच पद्धतीची. इनोव्हाही तशीच, आणि चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलोही. केबल बिघडते तेव्हा डोळ्यांना दिसते. हायड्रॉलिक क्लच आतल्या आत, हळूहळू आणि गुपचूप बिघडतो, म्हणून त्याच्याकडे बघायची पद्धत वेगळी असावी लागते.

रचना साधी आहे. पेडलच्या वरच्या टोकाला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, मास्टर सिलिंडर बसवलेला असतो. पेडल दाबलं की त्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. तेल नळीतून गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथला दट्ट्या बाहेर येतो, फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंग ढकलतो आणि प्लेट सुटते. यात किती तेल हलतं याचा ठोकळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा मास्टरचा व्यास 16 मिलिमीटर आहे आणि पेडल पूर्ण दाबल्यावर त्याचा दट्ट्या 24 मिलिमीटर सरकतो. म्हणजे पुढे गेलेलं तेल झालं सुमारे 4.8 मिलिलिटर, एका चहाच्या चमच्याइतकंही नाही. स्लेव्हचा व्यास 20 मिलिमीटर धरला तर तेवढ्या तेलानं त्याचा दट्ट्या साधारण 15 मिलिमीटर बाहेर येतो. आता या नळीत फक्त 1 मिलिलिटर हवा आहे असं धरा. क्लच सोडवताना तेलावरचा दाब सहज 20 ते 25 बारपर्यंत जातो. त्या दाबाखाली ही हवा आवळून जवळजवळ नाहीशी होते, आणि तिला आवळण्यात जवळजवळ 1 मिलिलिटर तेलाची चाल वाया जाते. स्लेव्हचे 3 मिलिमीटर तिथेच गेले. हवा 2 मिलिलिटर असेल तर 6 गेले, उरले 9. प्लेट पूर्ण सुटायला 10–12 मिलिमीटर लागत असतील तर ती आता अर्धवट चिकटून राहते आणि गिअर पडत नाही. करंगळीच्या नखावर मावेल एवढी हवा अख्खी गाडी अडवते, ती अशी. म्हणूनच पेडल दोन-तीन वेळा पटापट दाबलं की गिअर पडतो; पाणी उतरलेल्या हापशासारखे पहिले काही हात नुसते जातात आणि मग पकड येते. ही हवेची नेहमीची खूण.

हवा आहे हे कळलं. ती आली कशी? सिलिंडरमधलं सील वाटीच्या आकाराचं असतं. आतला दाब वाटीची कड बाहेर पसरवतो आणि ती भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे दाबाखाली तेल बाहेर येत नाही. पण हे सील एकाच दिशेनं काम करतं. पेडल झटकन सोडलं की क्षणभर आत उलटी ओढ तयार होते, आणि कड झिजलेली असली किंवा भिंतीवर गंजाचे खड्डे असले तर बाहेरची हवा त्या कडेवरून आत घसरते. म्हणजे ज्या वाटेनं तेल थेंबाथेंबानं बाहेर जातं, त्याच वाटेनं हवा आत येते. कधी कधी तेल बाहेर पडल्याची खूण नगण्य असते आणि हवा मात्र रोज थोडी थोडी जमत राहते. ब्लीडिंग करून ही हवा काढली तर पेडल त्याच संध्याकाळी टणक होईल, पंधरा दिवसांत किंवा महिन्याभरात पुन्हा मऊ पडेल, कारण वाट उघडीच आहे. ‘मागच्या महिन्यातच ब्लीडिंग केलं होतं’ हे वाक्य गॅरेजमध्ये तक्रार म्हणून बोललं जातं. खरं तर तो पुरावा आहे, आणि तो सिलिंडरकडे बोट दाखवतो.

याहून मोठा पुरावा मास्टरला तेल पुरवणाऱ्या डब्यात असतो, आणि तो कुणी वाचत नाही. ब्रेकच्या बाबतीत पॅड झिजले की कॅलिपरचे दट्टे बाहेर येतात, त्यांच्यामागे तेल जातं आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. ते नैसर्गिक आहे. क्लचमध्ये नेमकं उलट घडतं. क्लच प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोकं रिलीज बेअरिंगच्या बाजूला येतात, बेअरिंग मागे सरकतं, फोर्कमार्फत स्लेव्हचा दट्ट्या आत ढकलला जातो आणि तेवढं तेल डब्यात परत येतं. म्हणजे निरोगी क्लचच्या स्वतंत्र डब्यातली पातळी वर्षानुवर्षं तिथेच राहायला हवी, किंवा केसभर वर चढायला हवी. ती खाली आली तर तिला निष्पाप असं एकही कारण नाही. तेल कुठून तरी बाहेर गेलंय, एवढाच अर्थ. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘तेल कमी होतं, भरून दिलं’ असं सांगितलं जातं तेव्हा ते काम झाल्याचं सांगणं नसतं, गळती सापडल्याचं सांगणं असतं. पोलोसारख्या गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचा डबा एकच असल्यानं हा पुरावा थोडा गढूळ होतो. पातळी उतरली तर आधी ब्रेक पॅड किती झिजलेत ते पाहावं लागतं. अशा डब्यात क्लचच्या नळीचं तोंड मुद्दाम वरच्या बाजूला ठेवलेलं असतं. क्लचची बाजू गळाली तरी ब्रेकसाठी तेल उरावं, हा त्यामागचा विचार. त्याचा एक परिणाम असाही होतो की पातळी किमान रेषेच्या खाली गेली की ब्रेक ठणठणीत असतानाही क्लच हवा ओढू शकतो.

गळतीच्या जागा मोजक्या आहेत. पहिली जागा केबिनमध्येच सापडते. चालकाच्या पायापाशी वाकून, टॉर्चच्या उजेडात, पेडलचा दांडा जिथे मास्टरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, पेडलवरून ओघळ दिसला, खालच्या पत्र्याचा रंग फुगून सोलला असला किंवा पायाखालचा कार्पेट चिकट असला तर मास्टरचं मागचं सील गेलंय. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंगाला खातं, त्यामुळे ते वाळलं तरी त्याची खूण राहते. दुसरी जागा स्लेव्हची: त्याच्या तोंडावरचं रबरी बूट बोटानं हळूच मागे सारा. आत कोरडी धूळ असेल तर उत्तम. काळपट तेल टपकलं तर निदान झालंच. तिसरी जागा नळीच्या जोडांची आणि रबरी होजची. एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं होज मुठीत धरायचा. तो हाताला फुगलेला जाणवला तर आतला थर सैल झालाय, आणि अशा वेळी हवा नसतानाही पेडल मऊ लागतं. चौथी जागा त्रासाची. काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतो, तो रिलीज बेअरिंगसोबत एकाच तुकड्यात गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आत बसवलेला असतो. तो गळाला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली थेंब दिसतात. तिथे इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइलही येऊ शकतं, म्हणून खात्री करावी. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि वाटीभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन आणि गिअरचं तेल वर तवंग धरून राहतं. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता गिअरबॉक्स उतरवू देऊ नये.

आता समजा सगळीकडे कोरडं आहे आणि डब्यातली पातळीही हललेली नाही. मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं, दोष प्लेटमध्येच, असा आक्षेप येईल. तो पूर्ण चूक नाही, पण घाईचा आहे. मास्टर सिलिंडर आतल्या आतही हार मानतो. पुढचं सील झिजलं की दाबाखालचं तेल त्याच्या कडेवरून मागे, डब्याच्या बाजूला सटकतं. बाहेर थेंबही येत नाही, पातळीही बदलत नाही. याची खूण वेगळी असते: पेडल झटकन दाबलं तर क्लच सुटतो, पण दाबून धरलं की हळूहळू पकडू लागतो. सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल तळाशी धरलेलं असताना गाडी आपोआप पुढे सरकू लागली तर संशय आधी मास्टरवर घ्या. ही खूण कमी लोकांना माहीत आहे, आणि ती न ओळखल्यापायी चांगल्या प्लेटा बदलल्या जातात. दुसऱ्या टोकाला प्लेट खरंच झिजलेली असते तेव्हा गिअर सुरळीत पडतात, पेडल टणक असतं, पण कात्रजचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही; जळका वासही येतो. म्हणजे ‘क्लच सुटत नाही’ आणि ‘क्लच पकडत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि साधारणपणे पहिलं तेलाच्या बाजूचं, दुसरं प्लेटच्या बाजूचं. एक अपवाद लक्षात ठेवावा. मास्टरच्या दांड्याला थोडी मोकळीक असावी लागते. ती नसेल तर तेल डब्यात परत यायचं बारीक छिद्र बंद राहतं, दाब आत अडकतो आणि नवी प्लेटही घसरते. अशा वेळी गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल जरा सैल करावं. चिळकांडी उडून क्लच नीट पकडू लागला तर प्लेट निर्दोष आहे.

बाहेर बसवलेल्या स्लेव्हच्या गाडीत तर वाद मिटवणारी एक मोजणी आहे. इंजिन बंद. एकानं पेडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्यानं पट्टी लावून स्लेव्हचा दांडा किती सरकला ते पाहायचं. तो गाडीच्या सर्व्हिस पुस्तकाप्रमाणे, साधारणपणे 10 मिलिमीटरच्या वर, सरकतोय आणि धरून ठेवला तरी मागे येत नाही, तर हायड्रॉलिक भागानं आपलं काम केलंय. दोष फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा प्लेट यांत आहे आणि गिअरबॉक्स उतरवणं रास्त आहे. तो कमी सरकतोय तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण अजून तयार झालेलं नाही. क्लचच्या कामात सगळ्यांत जास्त मजुरी गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. ती लावण्याआधी हा आकडा मागायचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

ब्लीडिंग हाच खरा इलाज, अशा दोनच परिस्थिती मला मान्य आहेत. एक, सिलिंडर किंवा होज बदलल्यावर आत उरलेली हवा काढायची असते. दोन, तेलच जुनं झालेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट 3 प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर 140 पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ‘पाणी शोषलेलं’ म्हणजे सुमारे 3.7 टक्के पाणी. क्लच ब्रेकसारखा तापत नाही, मग पाण्यानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. तेलाची उष्णता हा त्यातला छोटा भाग, तरीही स्लेव्ह एक्झॉस्टजवळ असलेल्या गाडीत मे महिन्याच्या दुपारी, गर्दीत तासभर अडकल्यावर पेडल मऊ आणि सकाळी पुन्हा ठीक, असं दिसलं तर तेल बदलून पाहणं योग्यच. मोठं नुकसान गंजाचं असतं. पाण्यामुळे सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात, खड्डे सील कापतात, आणि वर सांगितलेली हवेची वाट तिथे तयार होते. शिवाय डबा सामाईक असेल तर तेच ओलं तेल ब्रेकमध्येही आहे, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ब्रेक चांगलेच तापतात. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत डब्याचं झाकण आणि तेलाची बाटली उघडी ठेवू नये, आणि वर्षभरापूर्वी फोडलेली अर्धी बाटली वापरू नये. दर दोन वर्षांनी तेल बदलणं हा सावध आणि परवडणारा नेम आहे.

काम असं. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं नवं, सीलबंद तेल आणा. चुकून खनिज तेल पडलं तर सगळी रबरं फुगतात आणि सगळे सिलिंडर बदलावे लागतात. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. सिरिंजनं डब्यातलं जुनं तेल उपसून नवं भरा, पण डबा रिकामा होऊ देऊ नका. स्लेव्हच्या निपलवरची रबरी टोपी काढा, त्यावर रिंग पाना आधी चढवा, मग पारदर्शक नळी बसवा, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या तेलात बुडवून ठेवा. गाडीतल्या माणसानं पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं आणि ‘धरलं’ म्हणायचं. खालच्यानं निपल पाव वळसा उघडायचं. नळीतून आधी चहाच्या रंगाचं किंवा काळं तेल आणि त्यासोबत बुडबुडे येतील. निपल बंद करून मगच ‘सोड’ म्हणायचं. पेडल आधी सुटलं तर काढली तेवढी हवा परत आत जाते; घरच्या ब्लीडिंगची फजिती बहुतेक वेळा इथेच होते. चार-पाच खेपांनंतर डब्यात तेल घाला. नळीत बुडबुडा येईनासा झाला आणि तेल नव्याच्या रंगाचं आलं की थांबा. निपल बारीक असतं, जोर लावून आवळलं तर तुटतं. पोलोसारख्या काही गाड्यांत फिरवायच्या निपलऐवजी क्लिप असलेला जोड असतो. क्लिप उचलून जोड पहिल्या खाचेपर्यंतच बाहेर ओढायचा. स्लेव्ह आतला असेल तर पेडल जोरजोरात आपटू नये. कोरड्या सिलिंडरचं सील त्यानं उलटू शकतं.

इतकं करूनही पेडल तळाला पडून राहतं, अशी तक्रार नवा मास्टर बसवल्यावर हमखास येते. हवा वर चढते आणि आपण तिला वरून खाली ढकलत असतो, हे त्याचं कारण. अशा वेळी उलटं काम करा: मोठी स्वच्छ सिरिंज ताज्या तेलानं भरा, नळीनं स्लेव्हच्या निपलला जोडा, निपल उघडून तेल हळूहळू वर ढकला. डब्यात बुडबुडे फुटताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. डबा ओसंडू नये म्हणून आधी पातळी कमी करून ठेवा. निपल स्लेव्हच्या सगळ्यात उंच जागी आहे ना, हेही पाहा. स्लेव्ह उलटा बसवला गेला तर वरच्या पोकळीतली हवा कितीही खेपा केल्या तरी निघत नाही.

ज्या तेलावर ब्रेक चालतात त्याला घरी हात लावणं बेजबाबदारपणाचं आहे, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. सामाईक डबा रिकामा होऊ दिला तर हवा ब्रेकच्या मास्टरमध्ये आणि पुढे एबीएसच्या यंत्रणेत जाऊ शकते, आणि मग काम घरचं राहत नाही. म्हणून सामाईक डब्याच्या गाडीत पातळीवर नजर ठेवायला तिसरा माणूस असावा, आणि काम झाल्यावर इंजिन सुरू करून ब्रेक पेडल टणक आहे याची खात्री केल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. गाडीखाली शिरावं लागत असेल तर ती घोडीवरच उभी असली पाहिजे; नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जाणं अक्षम्य आहे. वॉरंटीतली गाडी, गिअरबॉक्सच्या आतला स्लेव्ह, किंवा क्लच पेडलच नसलेली एएमटी वा आयएमटी असेल तर तपासणी जमेल तेवढी घरी आणि काम गॅरेजमध्ये. तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यांत उडालं तर धुऊन डॉक्टरकडे जा. उपसलेलं तेल पार्किंगच्या जाळीत ओतू नका. आपल्या नाल्यांची वाट शेवटी मुठेकडे जाते. ते बाटलीत, वेगळं, नाव लिहून ठेवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. मेकॅनिक थोड्या पैशांत ब्लीडिंग करून देतो हे खरं आहे, आणि वेळ नसेल तर जरूर त्याच्याकडून करून घ्या. पण थेंब कुठे सापडला, दांडा किती सरकला, पातळी किती उतरली होती, ही तीन उत्तरं आधी आपल्याकडे असली तर त्याच्याशी होणारं बोलणंच वेगळं होतं, आणि चांगल्या मेकॅनिकला ते आवडतं.

सिलिंडर गळतो हे नक्की झाल्यावर सील किट घालायचं की नवा सिलिंडर, हा नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेहमी होणारा वाद. माझा कौल स्पष्ट आहे. सिलिंडर उघडून आतली भिंत पुसा आणि नखानं तपासा. आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालेल. नख कुठेही अडलं तर किटचे पैसे पाण्यात; नवं सील त्याच खड्ड्यावर घासून लवकरच गळेल. प्लेट नवी घातल्यावर महिन्याभरात स्लेव्ह गळू लागतो, त्यामागेही हेच आहे. जुन्या प्लेटबरोबर दट्ट्या आतल्या भागात फिरत होता. नवी प्लेट येताच तो पुढच्या, वर्षानुवर्षं न घासलेल्या, गाळ आणि गंज धरलेल्या भागात फिरू लागतो. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवलाच असेल आणि स्लेव्ह आत असेल तर तो नवाच घालावा, जुना कितीही बरा दिसला तरी.

काम संपलं की डब्यावर तेलाच्या पातळीशी मार्करनं रेघ ओढा आणि तारीख लिहा. आठ दिवसांनी, गाडी सपाट जागी उभी करून, पुन्हा पाहा. पातळी रेघेवर असेल आणि पेडल पहिल्याच दाबात टणक असेल तर काम झालं. पातळी रेघेखाली असेल तर पुन्हा ब्लीडिंग करू नका. गळणारा भाग शोधून तो बदला.